टाळ्या दुर्गाबाईंना, आमंत्रण कुणाला?

आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजुषा झाली की एक प्रश्न हमखास येतो. भारतीय चित्रपटातली पहिली अभिनेत्री कोण? उत्तर तयार असतं, 'दुर्गाबाई कामत, म्हणजे विक्रम गोखल्यांची पणजी!' टाळ्या पडतात, मराठी माणसाची मान ताठ होते आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. माझा आक्षेप या टाळ्यांना आहे.

दुर्गाबाई पडद्यावर आल्या कशा, हे आपण मुलांना सांगतच नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांनी तारामतीसाठी बाई शोधली. जाहिराती दिल्या, अगदी बदनाम वस्तीतही विचारून पाहिलं. कोणी टिकेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले. ते साल १९१३. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली.

जे काम कुठलीच बाई घेईना, ते या मायलेकींनी का घेतलं? दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. नवरा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिक्षक, म्हणजे घर चांगलं सुशिक्षित. पण एकट्या बाईला मानाने पोट भरण्याच्या वाटा समाजाने जवळजवळ बंदच ठेवल्या होत्या. म्हणून मुलीला घेऊन त्या फिरत्या नाटक कंपनीत गेल्या, आणि नाटकात गेल्या म्हणून त्याच समाजाने त्यांना वाळीत टाकलं.

'अहो, काळच तसा होता' असं यावर कोणीतरी म्हणतंच. काळ म्हणजे कोण हो? याच १९१३ साली बालगंधर्वांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल घराघरांतल्या बायका करत. पुरुषाने शालू नेसला की रसिक डोक्यावर घेत, आणि बाईने पोटासाठी तोंडाला रंग लावला की नाकं मुरडत. हे रसिक काही अडाणी नव्हते. शिकलेले, गाण्याची जाण असलेले, आपल्यासारखेच होते.

पुढे कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. रघुनाथराव लवकर गेले. तीन मुलगे पदरात घेऊन कमलाबाई काम करत राहिल्या. चंद्रकांत अभिनेते झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. रीना मोहन यांनी नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट केला, तो मिळवून जरूर पाहा. ज्याला आपण कौतुकाने 'गोखले घराणं' म्हणतो, ते सलग दोन पिढ्या एकट्या बायांनी उभं केलेलं आहे. मग दुर्गाबाईंची ओळख पणतूच्या नावाने का द्यायची?

हे सगळं इथे परदेशात बसून का लिहायचं? कारण दुर्गाबाई आपल्या गावातही आहेत. घटस्फोट झालेली, मुलाला एकटीने वाढवणारी, नोकरी आणि शाळेची ने-आण सांभाळणारी मराठी बाई आपल्या प्रत्येकाच्या माहितीत असते. लग्न मोडल्यावर पॉटलकची आमंत्रणं पहिल्यांदा तिची बंद होतात. 'सगळी जोडपीच आहेत, तिला अवघडल्यासारखं होईल' अशी आपली सबब असते. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर फोनाफोनी होते. तिचं काय बिनसलं याच्या चर्चा मात्र तिच्या गैरहजेरीत रंगतात. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला टाळ्या देणं फुकट असतं. तिला आपल्या घरी जेवायला बोलवावं लागत नाही.

तेव्हा कार्यकारिणीला माझं सांगणं आहे. प्रश्नमंजुषेत दुर्गाबाईंचं नाव घ्यायचं असेल तर त्यांची पूर्ण हकिगत सांगा, नवरा सोडल्याची आणि वाळीत टाकल्याचीसुद्धा. हळदीकुंकवाचं आमंत्रण सरसकट सगळ्या बायकांना पाठवा. सभासदत्वाच्या अर्जावर 'कुटुंब' म्हणजे पती-पत्नी असं धरलेलं असेल तर तो रकाना बदला. आई आणि मूल एवढंही कुटुंबच असतं. एवढं जमणार नसेल, तर पुढच्या वर्षी तो प्रश्नच विचारू नका.