तलवार आणि लाटणे

मे १९७५ मध्ये कान येथील चित्रपट महोत्सवात किंग हू या चिनी दिग्दर्शकाच्या ‘अ टच ऑफ झेन’ या तैवानी चित्रपटाला तांत्रिक कौशल्याबद्दलचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर सुमारे महिनाभराने, २५ जूनला, भारतात आणीबाणी पुकारली गेली आणि येरवड्याच्या कारागृहात राजबंदी येऊ लागले. त्यांत स्त्रियाही होत्या. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु चित्रपटाचे कथानक कळले म्हणजे त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

कथानक मिंग राजवटीतले. दरबारी खोजांच्या हाती गुप्त पोलिसांची सत्ता एकवटली आहे. त्यांच्या भ्रष्टाचाराला वाचा फोडू पाहणारा एक अधिकारी मारला जातो आणि त्याची मुलगी यांग एका पडक्या किल्ल्यात आश्रय घेते. श्यू फेंगने रंगविलेली ही नायिका कुणाच्या संरक्षणाची वाट पाहत नाही. वेळूच्या बनातील तिची झुंज जगभर वाखाणली गेली. (आपल्याकडे १९३५ च्या ‘हंटरवाली’तील नादियालाही प्रेक्षकांनी असेच डोक्यावर घेतले होते.) पण चित्रपटाचे मर्म झुंजीत नाही. यांगच्या बाजूचा एक पढिक तरुण भुताखेतांच्या भीतीचा सापळा रचतो आणि एका रात्रीत शत्रूच्या सैनिकांचा निःपात घडवितो. सकाळी स्वतःच्या चातुर्यावर खूश होऊन तो मोठमोठ्याने हसत हिंडतो; हिंडता हिंडता समोर प्रेतांचा खच दिसतो आणि त्याचे हसू गोठते. हा चित्रपट ज्या तैवानात निघाला, तेथे १९४९ पासून १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता, हेही विसरता येत नाही.

तरीही एक तक्रार उरतेच. यांग असो वा हंटरवाली, पडद्याला स्त्रीचे शौर्य दिसते ते ती मोठ्या घरची लेक असेल आणि तिच्या हाती शस्त्र असेल तेव्हाच. १९७२ पासून मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातांत लाटणी होती. त्यांतल्या प्रमिलाताई आणीबाणीत सुमारे अठरा महिने येरवड्याला होत्या. पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. मिसाखाली खटला नव्हता, शिक्षा नव्हती, म्हणून सुटकेची तारीखही नव्हती. दोन तुरुंगांमध्ये पत्रे तेवढी जात-येत.

यात चित्रित करण्याजोगे काय आहे, असे निर्माते विचारतील. किंग हूने त्या हसणाऱ्या तरुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला, तसा कुणी तरी तो बराकीत पत्राची वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर रोखून पाहावा.