जालन्याच्या घरी न्यायची पुस्तकं

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळातल्या मुलांच्या शाळांमधल्या ग्रंथालयांत समलिंगी आणि पारलिंगी पात्रांच्या कथा-कादंबऱ्या आता अनेक ठिकाणी मिळतात. मुलं त्या वाचतात, एखादं मूल धीर करून घरी स्वतःबद्दल सांगतं, आणि आईवडीलही रडत-अडखळत का होईना, समजून घ्यायला लागतात. खरी अडचण येते ती रविवारच्या फोनवर. जालन्याच्या आजीला, परतूरच्या मामाला, भोकरदनच्या काकूला काय सांगायचं? लग्नाचं कधी बघताय, या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? इंग्रजी पुस्तकांचा इथे काही उपयोग नाही. ज्या घरात दासबोधाचं पारायण होतं आणि दिवाळी अंक हातोहात फिरतो, तिथे छापील मराठी शब्दाला वजन असतं. दासबोध लिहिणाऱ्या समर्थांचं जन्मगाव जांब जालना जिल्ह्यातलंच. म्हणूनच दिवाळीत भारतात जाणाऱ्या सभासदांसाठी पुस्तकांची शिफारस करताना यंदा हा विषय निवडला आहे, आणि सुरुवात मराठीपासून केली आहे.

आधी एक समज दूर करायला हवा. ‘ही अमेरिकेतली थेरं’ असं गावाकडे म्हटलं जातं. इथल्या कार्यक्रमांतही दबक्या आवाजात तसं बोलणारे आहेत. त्यांनी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक वाचावं. ते 1981 साली रंगभूमीवर आलं. जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला तो त्याच वर्षी, 1 मे रोजी. म्हणजे जिल्ह्याचं जेवढं वय, तेवढं या नाटकाचं. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही कॉलेजातली तडफदार मुलगी नमा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडते आणि तिची कहाणी बापू हा तिचा मित्र सांगतो. रोहिणी हट्टंगडी यांनी ही मित्रा रंगमंचावर उभी केली होती. नाटक थोर आहे, पण त्याचा शेवट मित्राला जगू देत नाही. त्यामुळे घाबरलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती ते पहिलं पुस्तक म्हणून देऊ नये. ते मोठ्यांनी वाचावं. आपल्या गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, हे त्यातून मोठ्यांना कळेल.

पहिलं पुस्तक म्हणून सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ द्यावी. विशीत असताना त्यांनी लिहिलेली ही छोटी कादंबरी मौज प्रकाशनाने 2006 साली काढली. एका मध्यमवर्गीय मराठी घरात एक तरुण पेइंग गेस्ट राहायला येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. पूर्वार्ध तनयचा, उत्तरार्ध अनुजाचा, आणि पाहुण्याला शेवटपर्यंत नाव नाही. या पुस्तकाचं मोठेपण असं की तनयचं प्रेम हा त्यात सोडवायचा प्रश्न नाही. तो इतर कुणाही प्रेमिकासारखा झुरतो, चिडतो, एकटा पडतो. बहीण पळून गेल्यावर घरात हलकल्लोळ होतो, तिच्या दुःखाला निदान नाव तरी मिळतं. भावाचं दुःख मात्र कुणाला दिसतही नाही, कारण त्याचंही काही हरवलं असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. मराठी घरातल्या मौनाचं इतकं नेमकं चित्र क्वचित वाचायला मिळतं. मराठी न वाचणाऱ्या मुलांसाठी जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2013 पासून उपलब्ध आहे. 2022 साली नेटफ्लिक्सवर चित्रपटही आला, पण त्यात कथा केरळात नेली आहे. वाड्याचा, जिन्याचा, शेजाऱ्यांचा तो मराठी वास हवा असेल तर पुस्तकच वाचावं.

आईवडिलांना कादंबरीपेक्षा माहिती हवी असते. माझ्या मुलाचं चुकलं कुठे, हे बरं होतं का, डॉक्टरांकडे न्यायचं का, असे त्यांचे प्रश्न असतात. ही उत्तरं मराठीत देण्याचं काम बिंदुमाधव खिरे यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. त्यांची कहाणी या वार्तापत्राच्या वाचकांना ओळखीची वाटेल. संगणक क्षेत्रातल्या नोकरीसाठी ते अमेरिकेत गेले. सॅन फ्रान्सिस्को परिसरात 1986 पासून दक्षिण आशियाई समलिंगी लोकांसाठी काम करणारा ‘त्रिकोण’ गट तिथे त्यांना भेटला आणि आपण एकटे नाही हे उमगलं. मग ते पुण्याला परतले आणि 2002 साली त्यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी स्वतःला स्वीकारू पाहणाऱ्या समलिंगी तरुणाची आहे. ‘इंद्रधनू’ आणि ‘मानवी लैंगिकता’ ही पुस्तकं शास्त्र, कायदा आणि समाज साध्या भाषेत समजावतात. शैलीचा दिमाख त्यांत नाही आणि तो नाही हेच बरं. जालन्यातल्या निवृत्त शिक्षकाने हाती पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचावीत अशी ती आहेत.

तृतीयपंथी माणूस जालन्यातल्या बहुतेकांना भेटतो तो रेल्वेच्या डब्यात किंवा दुकानाच्या दारात, आणि तेवढ्याच क्षणापुरता. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन तो क्षण लांबवतं. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं हे पुस्तक 2012 साली मराठीत आलं आणि 2015 साली ऑक्सफर्डने त्याचा इंग्रजी अनुवाद काढला. ठाण्यातलं बालपण, लहान वयात झालेले अत्याचार, नाच, गुरू-चेल्यांचं जग, आणि मुलाच्या पाठीशी उभे राहिलेले आईवडील हे सारं त्यात आहे. ते आईवडील म्हणजे या पुस्तकाचा गाभा. कवितेची आवड असणाऱ्यांनी दिशा पिंकी शेख यांना शोधून वाचावं. त्यांच्या कवितेत जातीचा आणि लिंगाचा जाच वेगवेगळा करता येत नाही.

हे सगळं पुण्यामुंबईचं, असंही कुणी म्हणेल. परतूर तालुक्यातून दक्षिणेला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तिथल्या माजलगावच्या पोलीस शिपाई ललित साळवे यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेची परवानगी मिळावी म्हणून 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. 2018 साली त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून पोलीस दलात कायम राहिले. मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी घरोघरी पोचवली. बातमीनंतर जे प्रश्न उरतात त्यांना उत्तर द्यायला पुस्तकंच लागतात.

मराठीतली मोठी उणीव आहे ती स्त्रियांच्या बाबतीत. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या तोंडून सांगितलेली कथा मराठीत अजून फार कमी सापडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी 1982 साली केलेल्या ‘उंबरठा’ या चित्रपटात सुधारगृहातल्या दोन स्त्रियांचं नातं दिसतं, पण ते बाहेरून. ही उणीव इंग्रजीतून भरून काढणाऱ्या लेखिका मराठी घरातल्याच आहेत. फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्याशी आईकडून नातं असलेल्या सुनीती नामजोशी यांनी भारतीय प्रशासकीय सेवेत नोकरी केली, टोरांटोत शिकवलं आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये राहिल्या. आईबरोबर त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी अनुवादही केले होते. त्यांचं ‘फेमिनिस्ट फेबल्स’ 1981 चं, म्हणजे ‘मित्राची गोष्ट’च्याच वर्षीचं. पंचतंत्रातले प्राणी आणि परीकथांतल्या राजकन्या त्यांनी अशा उलटपालट केल्या आहेत की दहावीतली मुलगी आणि तिची आजी एकत्र हसतील. परदेशी मराठी मंडळांनी त्यांना अजून आपलं म्हटलेलं नाही, याचं वाईट वाटतं. चित्रकादंबरी आवडणाऱ्यांनी अमृता पाटील यांची ‘कारी’ घ्यावी. 2008 साली आलेल्या या पुस्तकात मुंबईत राहणारी, जाहिरात कंपनीत काम करणारी तरुणी काळ्या-करड्या रेषांतून भेटते.

नव्या इंग्रजी पुस्तकांत रूथ वनिता यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या सर्वांत वर ठेवाव्यात. 2020 च्या ‘मेमरी ऑफ लाइट’मध्ये लखनौत भेटलेल्या दोन गणिकांचं प्रेम आहे, तर 2024 च्या ‘अ स्लाइट अँगल’मध्ये 1920 च्या दशकातली दिल्ली. कवितेसाठी अदिती अंगिरस आणि अखिल कत्याल यांनी संपादित केलेला ‘द वर्ल्ड दॅट बिलाँग्ज टू अस’ हा दक्षिण आशियाई कवितांचा संग्रह आहे. वसुधेंद्र यांच्या ‘मोहनस्वामी’ या कन्नड कथा इंग्रजीत मिळतात. लहान गावातून बंगळुरूला आलेल्या त्या तरुणाची घुसमट मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कुणालाही कळेल. अगदी लहानांसाठी कनक शशी यांचं गुठलीचं चित्रपुस्तक आहे. गुठलीला फ्रॉक घालायचा असतो आणि घरचे म्हणतात, तू तर मुलगा आहेस.

पुस्तकांच्या यादीत एका चित्रपटाला जागा द्यायलाच हवी. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ 2025 साली सनडान्स महोत्सवात पोचलेला पहिला मराठी कथापट ठरला आणि जागतिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कारही त्याने मिळवला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण, त्याच्या लग्नासाठी मागे लागलेले नातेवाईक, आणि बालपणीचा शेतकरी मित्र. अंबड किंवा मंठ्याच्या कुठल्याही घरात घडू शकेल अशी ही गोष्ट आहे.

कायद्याचं भानही ठेवावं लागेल. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं. तो निकाल देणाऱ्या पाच न्यायाधीशांत खानविलकर आणि चंद्रचूड ही दोन मराठी नावं होती. मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. कॅनडात 2005 पासून आणि संपूर्ण अमेरिकेत 2015 पासून असं लग्न कायदेशीर आहे. तिथे रीतसर लग्न झालेलं जोडपं जालन्याला उतरलं की कायद्याच्या लेखी दोन परकी माणसं होतं, आणि घरच्यांच्या तोंडी ‘मैत्रीण’ किंवा ‘रूममेट’. कायदा बदलायला वेळ लागेल. घरच्यांना मात्र कोणाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.

दिवाळीला जाणाऱ्या सभासदांनी पुण्या-मुंबईत विकत घेऊन किंवा ऑनलाइन मागवून यातल्या निदान एका मराठी पुस्तकाच्या दोन प्रती न्याव्यात. एक घरी ठेवावी आणि ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं अशा आत्याला किंवा चुलतभावाला आधी वाचायला द्यावी. दुसरी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपालांच्या हाती द्यावी. घरी काही बोलू न शकणारं एखादं मूल मंठ्यात किंवा जाफ्राबादेतही असेल. पुस्तक कोणी वाचलं, काय म्हणालं, हे वार्तापत्राला जरूर कळवावं.