शीर्षप्रहेलिकेचा ताळा

साताऱ्याच्या आल्याची पट्टी असो वा सांगलीच्या हळदीची, जुन्या मुनिमाचा गुणाकार नवाच्या ताळ्यावाचून पुरा होत नसे. समजा, ४६ क्विंटल हळद १३,४५० रुपये दराने विकली गेली. रक्कम झाली ६,१८,७००. ४६ च्या अंकांची बेरीज १०, म्हणजे १. १३,४५० ची १३, म्हणजे ४. दोहोंचा गुणाकार ४. रकमेच्या अंकांची बेरीज २२, म्हणजे पुन्हा ४. ताळा जमला. मात्र घाईत ६,८१,७०० लिहिले गेले तरी तो जमतोच, कारण अंकांची अदलाबदल नवाला दिसत नाही. तेरीज जुळेना आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर अनुभवी लेखनिक प्रथम उलटसुलट पडलेले अंक शोधतो, ते याचमुळे.

पेढीवरचे हे साधन जैन आगमांतील एका प्रचंड संख्येलाही लावून पाहता येते. अनुयोगद्वार सूत्रातील कालगणनेत ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग, ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व, अशा चढत्या पायऱ्या आहेत. अठ्ठाविसावी पायरी शीर्षप्रहेलिका. म्हणजे ८४ लाखांचा २८ वा घात. एकूण अंक १९४. त्यांतील शेवटची १४० शून्ये. आरंभीचे ५४ अंक असे:

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

पोथीची नक्कल उतरवताना यांतील एखादा अंक चुकला तर तो ओळखावा कसा? ८४ ला तिनाने भाग जातो, म्हणून त्याच्या २८ व्या घाताला नवाने जायलाच हवा. वरील अंकांची बेरीज २५२, म्हणजे नवाची २८ पट. एकच अंक चुकता तर ही बेरीज बिघडली असती. शून्य आणि नऊ एकमेकांच्या जागी पडणे एवढाच अपवाद. शेजारच्या अंकांची अदलाबदल मात्र अकराच्या ताळ्यानेच सापडते. उजवीकडून एकाआड एक अंक घेतल्यास बेरीज ११४ येते, उरलेल्यांची १३८. पहिलीतून दुसरी वजा जाता उणे २४, अकराच्या हिशोबात शेष ९. ८४ च्या २८ व्या घाताला अकराने भागले असताही शेष ९ च राहतो. अंक शुद्ध आहेत.

एवढ्या अवाढव्य संख्येचे मूळ अवयव केवळ चार: २, ३, ५ आणि ७. त्यांचे घातांक अनुक्रमे १९६, २८, १४० आणि २८. सर्व सम असल्याने ही वर्गसंख्या ठरते. घनसंख्या मात्र नव्हे. तिचे विभाजक २,३३,६०,४५७. शिवाय अंकांच्या बेरजेने, म्हणजे २५२ नेच, तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. पण हर्षद हे नावच अधिक गोड म्हणावे लागेल.

जैन वर्गीकरणात संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन भेद आहेत. शीर्षप्रहेलिका त्यांतील पहिल्यातच मोडते. गणिताचा विषय येथवर. यापुढील पल्योपम आणि सागरोपम उपमेनेच सांगितली जातात.

ज्योतिष्करंडकात मात्र शीर्षप्रहेलिका ८४ लाखांच्या ३६ व्या घाताची, २५० अंकी आहे. तर तिलोयपण्णत्तीत अचलात्म ही संख्या ८४ च्या ३१ व्या घातापुढे ९० शून्ये मांडून होते. नवाच्या ताळ्याला तिन्ही सारख्याच उतरतात. परंपराभेदाचा निवाडा पोथ्यांच्या अभ्यासकांनीच करावयाचा आहे.