अठरा भोकांचं बेट

कुहीचे आमचे एक स्नेही भाद्रपदात मॉरिशसला निघाले आहेत. समुद्र बघायला नव्हे, गोल्फ खेळायला! "अठरा भोकं आहेत भाऊ," असं ते मोठ्या कौतुकानं सांगतात. बाप्पा! भोकं तर आमच्या धुऱ्यावरचे उंदीरही फुकट पाडून देतात.

त्यांचा बेत ऐका. विमानानं समुद्र ओलांडून एका बेटावर उतरायचं. तिथून होडीनं इल-ओ-सर्फ, म्हणजे हरणांच्या बेटावर जायचं. तिथे बर्नहार्ड लँगर या जर्मन खेळाडूनं आखलेल्या मैदानावर चेंडू मारायचा आणि मग तो शोधायचा. संध्याकाळी कुठला चेंडू हरवला याची चर्चा. संपली सहल!

गोल्फशी माझं वैर नाही. पण 1834 पासून गिरमिटिया मजूर भरभरून याच मॉरिशसला नेले, त्यांत मराठी माणसंही होती. उसाच्या मळ्यांत त्यांचे हात सोलून निघाले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरी क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात. (आपल्याकडे याच्या उलट चाललंय, ते असो.) गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. मजूर जिथे उतरले, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. आणि आमचा गडी ऐन चतुर्थीला गवतात चेंडू हुडकणार!

"काहून हो, एक दिवस तरी त्या गणपतीला जा," मी म्हटलं.

त्यांनी कागद चाळला. "पॅकेजमध्ये नाही."