यंत्रे अनेक, किल्ली एकाच हाती

विकेंद्रीकरण हा शब्द या देशात समाजवादी विचाराने रुजवला. गांधीजींच्या ग्रामस्वराज्यापासून डॉ. राममनोहर लोहियांच्या चौखंभा राज्यापर्यंत त्याचा आशय एकच होता: जो राबतो त्याच्या हाताजवळ निर्णयाचा अधिकार गेला पाहिजे. आज हाच शब्द संगणक कंपन्यांच्या जाहिरातींत आणि आभासी चलनाच्या सटोडियांच्या तोंडी खेळतो आहे. माहिती हजारो यंत्रांवर विखुरली की ती सुरक्षित झाली, मधला सर्व्हर गेला की मक्तेदारीही गेली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो खोटा आहे. आणि ज्या संगणकशास्त्राच्या नावाने तो केला जातो, त्या शास्त्रानेच तो खोटा ठरवला आहे. परिवर्तनवादी म्हणवणारे काही तरुणही या प्रचाराला भुलत असल्याने त्याचा मुळातून समाचार घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. स्टेट बँक आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतील ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. संसर्ग पसरू नये म्हणून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या देयकव्यवस्थेपासून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडकले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली आणि विषय वर्तमानपत्रांतून नाहीसा झाला. या बँकांचा वाटा देशातील देयकांच्या अवघा अर्धा टक्का असल्याचे समाधानही त्या वेळी करून घेण्यात आले. परंतु हा अर्धा टक्का कोणाचा? दूधसंघाचे पैसे खात्यावर घेणाऱ्या शेतकऱ्याचा, पेन्शनवर घर चालवणाऱ्या विधवेचा, छोट्या गावातील किराणा दुकानदाराचा. शेअर बाजाराच्या हिशेबात तो नगण्य असेल. ज्याच्या घरात दुसरे खातेच नाही त्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के आहे.

आग लागलेली खोली बंद करावीच लागते, तेव्हा जोडणी तोडण्याच्या निर्णयाला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे: तीनशे बिऱ्हाडांचा शिधा एकाच खोलीत का साठवला गेला? कायद्याच्या दृष्टीने या स्वतंत्र बँका आहेत. त्यांची संचालक मंडळे वेगळी, ताळेबंद वेगळे. कागदावर याहून अधिक विकेंद्रित व्यवस्था शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात त्या सगळ्यांचा श्वास एका नळीतून चालला होता.

दोषसहिष्णुतेचे शास्त्र याच ठिकाणी पहिला धडा देते. एक यंत्र बंद पडले तर दुसऱ्याने काम चालवावे म्हणून यंत्रांची संख्या वाढवली जाते. पण ही वाढ तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा त्या यंत्रांचे दोष परस्परांपासून स्वतंत्र असतात. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणारी दोन यंत्रणा त्यात होत्या. एक बिघडली तर दुसरी असावी हीच योजना होती. मात्र दोन्हींत सॉफ्टवेअर तेच होते आणि चूकही तीच होती. राखीव यंत्रणा आधी बंद पडली, मुख्य यंत्रणा तिच्या मागोमाग. १९ जुलै २०२४ रोजी हेच जगभर घडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पाडले. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण बंद पडलेली बहुसंख्य यंत्रे माणसांना एकेक करून हाताने दुरुस्त करावी लागली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ज्या सॉफ्टवेअरने रक्षण करावयाचे, त्यानेच घात केला. आणि तो इतक्या ठिकाणी एकाच वेळी झाला, कारण सर्वांनी राखणदार एकच नेमला होता. संख्या म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे अनुभवातून शिकलेल्या चळवळीला येथे नवे काहीच वाटू नये.

दुसरा धडा अधिक कडू आहे. बंद पडणारे यंत्र ही सोपी अडचण आहे. खोटे बोलणारे यंत्र ही खरी अडचण. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक आणि मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये हा प्रश्न बायझंटाइन सेनापतींच्या दृष्टांताने मांडला. शहराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींनी केवळ निरोप्यांच्या साहाय्याने चढाई की माघार याचा एकमुखी निर्णय करावयाचा आहे. पण त्यांच्यातले काही फितूर आहेत आणि ते एकाला एक, दुसऱ्याला दुसरे सांगतात. तीन सेनापतींत एक फितूर असला तर निष्ठावंतांना एकमताची खात्री देणारी रीतच नाही. एका फितुरासाठी किमान चार लागतात, दोघांसाठी सात. फितुरांचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी असेल तरच व्यवस्था टिकते. निरोपावर बनावट न करता येणारी सही असेल तर ही अट सैल होते. पण ती सही नेमकी कोणाची, याची ग्वाही कोण देणार?

बरोबरीच्या संगणकांचे जे जाळे ‘पीअर-टू-पीअर’ या नावाने ओळखले जाते, त्याचा सारा डोलारा या प्रश्नापाशी अडखळतो. नॅपस्टर या संगीत वाटणाऱ्या सेवेची सूची मध्यवर्ती होती, म्हणून २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत ती बंद पाडता आली. तिच्यानंतर आलेल्या जाळ्यांनी केंद्रच काढून टाकले आणि मुक्तीचा जयघोष केला. परंतु २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील जॉन डूसर यांनी दाखवून दिले की, सभासदांची ओळख पटवणारी विश्वासू यंत्रणा नसेल तर एकच इसम शेकडो खोट्या नावांनी जाळ्यात शिरू शकतो, आणि वास्तवात न सापडणाऱ्या अटी गृहीत धरल्याखेरीज त्याला अडवता येत नाही. एक तृतीयांशाचे गणित तेथेच कोसळते. कारण मोजावयाची डोकी खरी की खोटी हेच कळत नाही. महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला यासाठी संगणकशास्त्राची पदवी नको. निवडणुकीच्या तोंडावर बोगस सभासद भरून संस्था ताब्यात घेतल्याचे प्रकार सहकाराने पुरेसे पाहिले आहेत. मतदारयादी चोख नसेल तर एक व्यक्ती एक मत या तत्त्वाचा फार्स होतो.

आभासी चलनाच्या पुरस्कर्त्यांनी या पेचावर काढलेला तोडगा त्यांचा वर्गस्वभाव उघड करणारा आहे. माणूस मोजता येत नाही, तर मालमत्ता मोजावी! २००९ पासून चालू असलेल्या बिटकॉइनमध्ये वही लिहिण्याचा अधिकार गणनशक्तीच्या, म्हणजे यंत्रे आणि वीज विकत घेण्याच्या ऐपतीच्या प्रमाणात मिळतो. ईथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये विजेचा हा अपव्यय थांबवला, पण त्या जागी थेट ठेव आणली. आता मताचे वजन अनामत ठेवलेल्या नाण्यांवरून ठरते. १९३५ च्या कायद्याखाली या देशात मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता. १९५० मध्ये संविधानाने ती शृंखला तोडली. तीच आता भविष्यातील तंत्रज्ञान म्हणून पुन्हा पायात घातली जात आहे. मालमत्ता साचते, हा तिचा धर्म; त्यामुळे हे विकेंद्रीकरण टिकतही नाही. जून २०१४ मध्ये बिटकॉइनच्या एकूण गणनशक्तीचा सुमारे निम्मा हिस्सा काही काळ एकाच गटाकडे गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये ईथेरियम क्लासिक या चलनावर बहुमताच्या जोरावर वही फिरवण्याचे हल्ले एकाच महिन्यात तीनदा झाले.

यावर प्रस्थापितांचे उत्तर तयार असते: बरोबरीची जाळी भरवशाची नाहीत ना, मग सारे बड्या कंपन्यांच्या हवाली करा, त्यांच्याकडे तज्ज्ञ आहेत, पैसा आहे. हे उत्तरही अनुभवाला उतरत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रसमूहात एका स्वयंचलित प्रक्रियेतील दोषामुळे नावे व पत्ते जुळवणारी नोंदच रिकामी झाली आणि जगभरच्या असंख्य सेवा तासन्‌तास बंद पडल्या. तज्ज्ञ होते, पैसाही होता. दोष वाटून घेण्याची कला त्या कंपनीला उत्तम येते; सत्ता वाटून घेणे तिच्या हिताचे नाही. तेव्हा निवड एकाधिकारी कंपनी आणि सटोडियांची बेबंदशाही यांतच आहे, हा आभास प्रथम फेकून दिला पाहिजे.

चळवळीतील काही ज्येष्ठ म्हणतील की हा अभियंत्यांचा प्रांत आहे. १९८० च्या दशकात बँक कर्मचारी संघटनांनी संगणकीकरणाला विरोध केला तो रोजगाराच्या काळजीने, आणि ती काळजी रास्त होती. आज यंत्र आलेले आहे. प्रश्न त्याच्या ताब्याचा आहे. शास्त्र स्वतःच हा निर्णय समाजाकडे सोपवते. सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केले की जाळे मधोमध तुटले तर प्रणालीला संपूर्ण अचूकता आणि अखंड सेवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी देता येत नाहीत. एकीचा बळी द्यावाच लागतो. हिशेब पैशाला जुळावा म्हणून खिडकी बंद ठेवायची, की थोडा धोका पत्करून गरजू खातेदाराला ठरावीक रक्कम द्यायची? गणित येथे थांबते. पुढचा निर्णय मूल्यांचा आहे, आणि आज तो सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या कराराच्या कलमांत, कोणालाही न विचारता होतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये एका राष्ट्रीय शिखर संस्थेचे उद्घाटन झाले. लहान बँकांना संगणकसेवा देणे हेही तिचे काम आहे. ही शिखर संस्था उद्याची नवी एकच नळी ठरू नये, यासाठी तिच्यामागे किमान दोन स्वतंत्र बनावटीच्या प्रणाली असल्या पाहिजेत, आणि त्यांच्या निवडीत सभासद बँकांना प्रत्येकी एक मत असले पाहिजे. प्रत्येक बिघाडाचा आणि हल्ल्याचा कारणांसह अहवाल ठरलेल्या मुदतीत, लोकांच्या भाषेत, वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आला पाहिजे. जाळे तुटले असतानाही खातेदाराला निकडीची रक्कम देता यावी म्हणून शाखेजवळ स्वतःच्या खात्यांची सुरक्षित प्रत, त्या रकमेचा पूर्वी ठरलेला नियम आणि तो राबवण्याचा सराव असला पाहिजे. यातले काहीही तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्याला खर्च आहे, हे खरे. पण तो टाळल्याची किंमत कोण चुकवतो, हे जुलै २०२४ ने दाखवून दिले आहे.

सहकारी संस्थांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत एक साधा प्रश्न लेखी विचारावा: आपल्या बँकेची संगणकसेवा कोणाकडे आहे, ती बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा काय करणार आहे? ज्या संचालक मंडळाला याचे उत्तर देता येणार नाही, त्याने आपली किल्ली कधीच दुसऱ्याच्या हाती दिली आहे.