कॉइल ३ जोडताना

कॉइल ही अँड्रॉइड ॲपमध्ये चित्रे आणून दाखवणारी, कॉटलिनमध्ये लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी आहे. तिची गरज आकड्यांतूनच कळते. ४,००० × ३,००० पिक्सेलचे छायाचित्र उलगडले, की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने मेमरीत सुमारे ४८ मेगाबाइट जागा अडते. कॉइल पडद्यावरच्या चौकटीच्या मापाने चित्र उलगडते आणि ही जागा वाचवते.

जोडणीची सुरुवात ग्रेडलच्या फाइलमध्ये होते. मेव्हन सेंट्रल हे भांडार तेथे नोंदलेले असावे. जेटपॅक कंपोज वापरणाऱ्या ॲपला ‘कॉइल-कंपोज’ हा भाग लागतो. आवृत्तीचा क्रमांक नेमका लिहावा. अधिकच्या चिन्हाने ‘जी नवी असेल ती’ मागवली, तर आजचा बिल्ड आणि उद्याचा बिल्ड वेगळा निघू शकतो.

सर्वाधिक घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. तिसऱ्या आवृत्तीपासून नेटवर्कचा भाग मूळ लायब्ररीतून वेगळा काढला आहे. ‘कॉइल-नेटवर्क-ओकेएचटीटीपी’ किंवा केटॉरवर चालणारा पर्यायी भाग जोडला नाही, तरी बिल्ड बिनतक्रार होतो. मात्र इंटरनेटवरचे चित्र येत नाही, चौकट रिकामी राहते. त्यामुळे विकासाच्या काळात डीबग लॉगर चालू ठेवणे आवश्यक ठरते. जीआयएफ आणि एसव्हीजी यांसाठीही स्वतंत्र भाग आहेत. मॅनिफेस्टमध्ये इंटरनेटची परवानगी आहे, याचीही खात्री करावी.

इमेज लोडर संपूर्ण ॲपसाठी एकच ठेवावा. प्रत्येक लोडर आपला स्वतंत्र मेमरी कॅश बाळगतो. पडद्यागणिक नवा लोडर केल्यास वाचवलेली मेमरी पुन्हा खर्ची पडते. दुसऱ्या आवृत्तीवरून येणाऱ्यांनी जुने इम्पोर्ट पूर्ण काढावेत. दोन्ही आवृत्त्यांची पॅकेजनावे वेगळी असल्याने त्या एकाच ॲपमध्ये शेजारी नांदू शकतात आणि ॲपचा आकार विनाकारण वाढतो.

शेवटी पडताळणी. चित्र एकदा दिसल्यावर ॲप बंद करावे, विमान मोड लावावा आणि ॲप पुन्हा उघडावे. चित्र डिस्कवरून आले पाहिजे. कॉइल ३ मूलतः सर्व्हरचे कॅश-कंट्रोल शीर्षक पाहत नाही. त्याच पत्त्यावर चित्र बदलत असेल, तर त्यासाठीचा वेगळा भाग जोडावा किंवा पत्ता बदलावा. हीच चाचणी रिलीज बिल्डवरही करावी; त्यानंतरच जोडणी पूर्ण झाली असे म्हणता येते.