भुतांची जत्रा म्हणण्यापूर्वी

गेल्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे लॉस एंजेलिसहून काही छायाचित्रे आली. मुलगा नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेला. त्या शहराच्या पूर्व भागात एका कलाकेंद्राने भरवलेल्या 'मृतांच्या दिवसा'च्या उत्सवाला तो आपल्या दोन लहान मुलांना घेऊन गेला होता. छायाचित्रांत मुलांचे चेहरे कवटीसारखे रंगवलेले होते. मागे झेंडूच्या फुलांची रास, मेणबत्त्या, पाव, आणि या सर्वांच्या मधोमध मुलांच्या आजोबांचा फोटो. हे आजोबा आमच्याच दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत. छायाचित्रे हातोहात फिरली. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तीन सद्गृहस्थ मला भेटले. "फादर, ही तर भुतांची जत्रा! तुम्ही प्रवचनातून तिचा निषेध करा," असा त्यांचा आग्रह होता.

मी निषेध केला नाही. त्यावरून बरीच कुजबुज झाली असल्याचे माझ्या कानावर आहे. म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे माझी बाजू मांडतो. ज्यांचे मन दुखावले त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. परंतु ज्याचा निषेध करावयाचा त्याची पुरती माहिती करून घेणे हेही श्रद्धेचेच एक अंग आहे.

पूर्व लॉस एंजेलिसमध्ये हा उत्सव सार्वजनिक स्वरूपात प्रथम कोणी उभा केला? कोणा मांत्रिकाने नव्हे, नास्तिकानेही नव्हे. सिस्टर कॅरेन बोकालेरो या फ्रान्सिस्कन धर्मभगिनीने. त्या स्वतः चित्रकार होत्या आणि सिस्टर कोरिटा केंट यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली शिकल्या होत्या. १९७० साली कार्लोस ब्वेनो आणि अंतोनियो इबान्येझ या मेक्सिकन कलावंतांना सोबत घेऊन त्यांनी एका गॅरेजमध्ये छापकामाला आरंभ केला. त्यातूनच 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट' हे केंद्र आकारास आले. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. त्याच वर्षी २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मेक्सिकन वंशाच्या हजारो नागरिकांनी तेथे मोर्चा काढला. पोलिसांनी तो उधळून लावला आणि त्या दिवशी रुबेन सालाझार हे पत्रकार मारले गेले. या वस्तीला आपल्या मृतांसाठी एकत्र येऊन रडायलाही हक्काची जागा नव्हती. १९७२-७३ च्या सुमारास या केंद्राने मृतांचा दिवस साजरा करण्यास सुरुवात केली. एव्हरग्रीन दफनभूमीपासून मिरवणूक निघू लागली. दुःखितांचे सांत्वन करणे आणि मृतांसाठी प्रार्थना करणे या दयेच्या कृती आहेत, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकले. त्या धर्मभगिनीने यापेक्षा वेगळे काय केले?

"पण ही प्रथा मुळात मूर्तिपूजकांची," असे उत्तर येते. ते अर्धे खरे आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मेक्सिकोत मृतांचे सण होते, यात शंका नाही. १५२४ साली तेथे पोहोचलेल्या बारा फ्रान्सिस्कनांना आणि त्यांच्यामागून आलेल्या मिशनऱ्यांना ते दिसले. दिएगो दुरान या डोमिनिकन संन्याशाने तर नवख्रिस्ती लोक जुना सण सर्व संतांच्या सणाच्या आडून पाळत असावेत, अशी शंका लिहून ठेवली आहे. माझ्या तीन सद्गृहस्थांचा पूर्वज म्हणून दुरान शोभेल! मात्र त्या वेदीवर काय काय मांडलेले असते ते एकदा नीट पाहावे. साखरेची कवटी असते. ऊस मेक्सिकोत स्पॅनिशांनी नेला. मृतांचा म्हणून खास भाजलेला गोड पाव असतो. गहूही स्पॅनिशांबरोबरच तेथे गेला. तारीख आहे २ नोव्हेंबर. ती अकराव्या शतकाच्या आसपास क्लुनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी घालून दिली आणि तेथून ती सबंध पश्चिम ख्रिस्तसभेत पसरली. फुले आणि कोपाल नावाचा सुगंधी धूप मात्र त्या भूमीचा. एका मांडणीत दोन जग एकत्र आले आहेत. याला भेसळ म्हणायचे असेल, तर ६०१ साली इंग्लंडमधील मिशनऱ्यांना देवळे पाडू नका, ती पवित्र करून वापरा, असा निरोप पाठवणाऱ्या संत पोप ग्रेगरींनाही भेसळ करणारे म्हणावे लागेल.

आणि त्या फुलांविषयी एक गोष्ट सांगतो. ज्याला आपण झेंडू म्हणतो, ते फूल मूळचे मेक्सिकोचेच. समुद्रमार्गे ते आपल्या किनाऱ्याला लागले. दसऱ्याला ते दारोदार तोरणात असते, आणि २ नोव्हेंबरला आपल्या थडग्यांवरही असते. लॉस एंजेलिसच्या वेदीवर ते दिसले की मूर्तिपूजा, आणि आपल्या थडग्यावर वाहिले की भक्ती, हा न्याय मला उमगत नाही.

कवटीचा विटाळ आपण केव्हापासून मानू लागलो? आपल्या जुन्या क्रुसांकडे पाहावे. क्रुसावरील प्रभूच्या पायांखाली कवटी आणि दोन हाडे कोरलेली असतात. गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत असे क्रूस आजही उभे आहेत. गुलगुथा या नावाचा अर्थच कवटीची जागा. रोममध्ये कापुचिन संन्याशांच्या तळघरात भिंतीच हाडांनी सजवल्या आहेत. मेक्सिकोत होसे ग्वादालुपे पोसादा या खोदकाम करणाऱ्या चित्रकाराने स्वस्त छापील कागदांवर टोपीवाली कवटी आणली, ती श्रीमंतीचा डौल मिरवणाऱ्यांची थट्टा करण्यासाठी. १९१३ मध्ये तो गरिबीतच वारला. पुढे दिएगो रिव्हेराने १९४७ मध्ये पूर्ण केलेल्या भित्तिचित्रात त्या कवटीला नखशिखान्त पोशाख चढवला आणि ती जगप्रसिद्ध झाली. मृत्यूपुढे शेठ आणि हमाल सारखे, हे सांगणारी कवटी ख्रिस्ती प्रवचनकाराला परकी वाटण्याचे कारण नाही.

आक्षेपांपैकी एक मात्र वजनदार आहे. मृतात्मे त्या रात्री घरी येतात आणि मांडलेले अन्न ग्रहण करतात, ही समजूत ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. मृत व्यक्ती देवाच्या हाती असते. तिला भूक लागत नाही, तिला आपल्या प्रार्थनेची गरज असते. संत मोनिका मरणशय्येवर होत्या तेव्हा, देह कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच त्यांनी मुलांकडे मागितले. हे सगळे मी निःसंकोचपणे मान्य करतो. परंतु समजूत चुकली तर ती समजावून देण्यासाठी धर्मगुरू असतो, पाठ फिरवण्यासाठी नव्हे. गोव्यात ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी दिवंगतांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवू घालण्याची जुनी चाल आहे. मृतासाठी वाढलेले पान भुकेल्याच्या पुढे ठेवले की प्रथा टिकते आणि तिचा अर्थही शुद्ध होतो. कोण्या शहाण्या पूर्वजाने हे घडवून आणले असेल, त्याला माझे वंदन.

आता माझा खरा आक्षेप. तो त्या कलाकेंद्रावर नाही, आपल्याच ख्रिस्तसभेवर आहे. सिस्टर कॅरेन यांचे केंद्र अनेक वर्षे लॉस एंजेलिस महाधर्मप्रांताच्या मालकीच्या इमारतीत होते. एदुआर्दो ओरोपेसा या कलावंताने तिच्या भिंती फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवल्या होत्या. सिस्टर १९९७ साली वारल्या. २००८ साली महाधर्मप्रांताने ती इमारत विकून टाकली. २०११ मध्ये केंद्र बॉइल हाइट्स भागातील दुसऱ्या जागेत गेले आणि तेथेही त्याने मृतांचा दिवस चालू ठेवला. विक्रीमागे आर्थिक अडचण असू शकेल. तथापि जे रोप एका धर्मभगिनीने लावले त्याची सावली आपण विकली, ही वस्तुस्थिती बदलत नाही. अलीकडे तेथील महाधर्मप्रांत कॅल्व्हरी दफनभूमीत या दिवशी मिस्सा आणि वेद्यांचा कार्यक्रम करू लागला आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मधल्या काळात काय झाले तेही पाहा. २०१३ साली डिस्ने कंपनीने या सणाच्या नावावरच मालकी हक्क मागितला आणि लोकांनी ओरड केल्यावर अर्ज मागे घेतला. २०१५ च्या एका जेम्स बाँडपटासाठी मेक्सिको सिटीत कवट्यांची भव्य मिरवणूक चित्रित झाली. तशी मिरवणूक त्या शहरात पूर्वी कधी निघतच नव्हती. पुढच्या वर्षापासून पर्यटकांसाठी ती खरोखरीच निघू लागली! जेथून प्रार्थना उठून जाते, तेथे बाजार येऊन बसतो. कलावंतांनी आठवण जपली, हे त्यांचे उपकार. प्रार्थना जपणे हे त्यांचे काम नव्हते. ते आपले होते.

आणि आपण येथे तरी ते करतो का? आमच्याच धर्मग्रामाचे सांगतो. ऑक्टोबरअखेरीस थडगी धुण्याचे काम मजुरांकडे सोपवले जाते. २ नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात, आशीर्वाद होतो, आणि अर्ध्या तासात दफनभूमीच्या फाटकाशी वाहनांची कोंडी होते. १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, नेहमीच्या अटी पाळल्यास, त्यांच्यासाठी संपूर्ण दंडमुक्ती मिळवता येते. ३ तारखेला तेथे मला कोणी दिसत नाही.

यात माझा वाटा मोठा आहे, हे कबूल केलेच पाहिजे. नोव्हेंबरच्या मिस्सांसाठी भाविक आपल्या मृतांची नावे पाकिटात घालून देतात. ती पाकिटे वेदीजवळच्या पेटीत ठेवली जातात. मिस्सेत मी म्हणतो, "पाकिटांतील सर्व मृतांसाठी." गेली कित्येक वर्षे मी ती पाकिटे उघडून नावे मोठ्याने वाचलेली नाहीत. देवाला नावे ठाऊक आहेत, हे खरे. पण शेजारच्या बाकावरच्या माणसाला ती ठाऊक नसतात. ज्या आजोबांचा फोटो लॉस एंजेलिसच्या त्या वेदीवर होता, त्यांचे नाव त्याच महिन्यात आमच्या पेटीत एका बंद पाकिटात पडून होते. हजारो मैलांवर नातवंडांनी त्यांना फुलांत बसवले आणि येथे त्यांच्या धर्मगुरूने त्यांचे नाव उच्चारले नाही. निषेधाचे प्रवचन मी कोणत्या तोंडाने करणार होतो?

तेव्हा यंदा आमच्याकडे असे होईल. २ नोव्हेंबरच्या सायंकाळच्या मिस्सेत सर्व नावे एकेक करून वाचली जातील. चारशेहून अधिक असतील. वेळ लागेल. ज्यांना घाई असेल त्यांनी आशीर्वाद घेऊन खुशाल निघावे. वेदीच्या एका बाजूस मेज असेल. आपल्या माणसाचा फोटो ज्याला आणायचा त्याने आणावा, झेंडूही आणावा. ज्याला त्याच्या आवडीचा पदार्थ करावासा वाटेल त्याने तो जरूर करावा आणि मिस्सेनंतर वृद्धाश्रमात पोहोचवावा. चेहरे रंगवण्याची सोय आम्ही केलेली नाही. पण कोणा मुलाने रंगवलाच, तर त्याला दारात कोणी अडवू नये, एवढी त्या तीन सद्गृहस्थांना माझी विनंती आहे. नावे वाचायला मला दोन माणसे लागणार आहेत. ती त्यांच्यातूनच मिळाली तर मला आनंद होईल.